तात ते पोलाद : खर्जाच्या एका तारेचा इतिहास

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपण वाद्याचा विचार करतो, वादकाचा करतो, घराण्याचा तर अगत्याने करतो. तारेचा मात्र सहसा करीत नाही. तार ही बाजारातून आणावी, चढवावी आणि तुटली की फेकून द्यावी अशी वस्तू. आमची हयात शासकीय सेवेत गेली. तेथील रीतीप्रमाणे वाद्य ‘डेड स्टॉक’च्या वहीत चढते आणि तार किरकोळ खर्चात जमा होते. असे असूनही एका वाद्याच्या बाबतीत तारेनेच वादकाला मागच्या रांगेतून पुढे आणले, आणि तारेनेच त्याला कित्येक वर्षे मागे ठेवले होते. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

मराठी मंडळाच्या पत्रिकेत या परदेशी वाद्याचे काय काम, असे ज्येष्ठ वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे, की इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांतून हल्ली तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती हे वाद्य दिसू लागले आहे. आणि ‘कोणती तार लावू?’ हा जो प्रश्न त्या मुलांना पहिल्याच वर्षी पडतो, तो आपल्या तंबोऱ्याचा खर्ज पितळेचा लावणाऱ्या पूर्वजांनाही पडलेला होता.

बेस गिटारला चार तारा असतात. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे स्वर, परंतु एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार पाश्चात्त्य पद्धतीतील ‘ई’ या स्वराची. ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा २० च्या आसपास मानतात हे ध्यानात घेतले म्हणजे हा स्वर किती तळाचा आहे ते कळेल. तंबोऱ्याचा खर्ज एका जागी स्थिर राहून गायकाला आधार देतो. बेसचा खर्ज गाण्याबरोबर पावले टाकतो. एका हाताने तालवाद्याला धरतो आणि दुसऱ्याने स्वरमेळाचा पाया सांभाळतो. त्यामुळे त्याच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. तो भरीव आणि मुरलेला असावा, आणि तरीही त्यातला प्रत्येक आघात वेगळा कळावा. तारेची सगळी निवड या ओढाताणीतून होते.

ओढाताणीचे मूळ पदार्थविज्ञानात आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले. तार लांब केली की स्वर उतरतो, सैल केली की उतरतो आणि जड केली की उतरतो. लांबीला मनुष्याच्या हाताची मर्यादा आहे. सैल तार लोंबकळते, तिला आस राहत नाही. उरते ते वजन. युरोपात त्या काळी तारा मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या असत. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला असे तीच ही तात. सारंगीला ती अजूनही लागते. परंतु तात जाड होत गेली की ताठर होते, आणि ताठर तारेतून मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर नाहीसे होतात. उरतो तो बुजलेला, घुसमटलेला ध्वनी. यावर सतराव्या शतकाच्या मध्यास उपाय निघाला. १६६४ साली लंडनचे संगीतग्रंथांचे प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी एका नव्या प्रकारच्या तारेची जाहिरात केली : तातेवर किंवा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेली. वजन वाढले आणि लवचीकपणाही राहिला. आजची बेसची तार तत्त्वतः हीच आहे, फक्त आतला गाभा पोलादाचा झाला आहे. वेढ्यांवाचून तोच ‘ई’ काढू म्हटले तर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी सळईच वाद्यावर ताणावी लागेल, आणि सळईतून ठणका निघतो, नाद निघत नाही.

पुढची जवळजवळ तीनशे वर्षे हा खर्ज डबल बेस या माणसाहून उंच वाद्याने सांभाळला. त्याची तार सव्वादोन हातांहून लांब, सुमारे १०५ सेंटिमीटर. लांबी असल्यामुळे तातेचेही तेथे निभावून गेले. परंतु पितळी वाद्यांच्या गलक्यात त्याचा आवाज पोहोचेना. सिॲटलचे पॉल टुटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास विजेवर चालणारा, आडवा धरून वाजवायचा बेस तयार केला, पण तो चालला नाही. चालला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांचा. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ च्या अखेरीस त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याला पडदे होते, म्हणून स्वर नेमका लागे, म्हणून हे नाव. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या जरा वर. तारेखाली चुंबक बसविलेले असते आणि तारेच्या कंपाने त्याभोवतीच्या वेटोळ्यात वीज उपजते. यासाठी तार लोखंडजातीची असणे भाग आहे. तातेला चुंबक दाद देत नाही. तात या वाद्यातून बाद झाली ती अशी, कार्यालयीन भाषेत म्हणायचे तर तांत्रिक कारणास्तव.

त्या आरंभीच्या काळातल्या तारा ‘फ्लॅटवाउंड’ प्रकारच्या, म्हणजे गाभ्यावर चपट्या पट्टीचे वेढे बसविलेल्या. असे वेढे एकमेकांस भिडून बसतात आणि तार काचेसारखी गुळगुळीत लागते. तिच्यावरून बोट सरकते, चरचर होत नाही, पडदे झिजत नाहीत. डबल बेस सोडून या वाद्याकडे वळलेल्यांना तिचा स्पर्श परका वाटला नाही. आवाज मात्र विशिष्ट होता. आघात ठसठशीत, पाठोपाठ स्वर लवकर मिटणारा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धाम्याशी त्याचे नाते लावता येईल. १९५२-५३ च्या सुमारास लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक माँटगॉमेरी यांनी हे वाद्य घेऊन दौरे केले आणि मोठ्या रंगमंचांवर लोकांनी ते प्रथम पाहिले.

या गुळगुळीत तारेचा सर्वांत मोठा साधक जेम्स जेमरसन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलायना, कर्मभूमी डेट्रॉइट. तेथील मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेच्या तळघरवजा खोलीत १९६० च्या दशकात जी शेकडो गाणी मुद्रित झाली, त्यांपैकी कित्येकांचा खर्ज या एका माणसाचा आहे. त्याचे वाद्य १९६२ चे प्रिसिजन बेस. तारा ला बेला या कंपनीच्या, फ्लॅटवाउंड आणि भलत्याच जाड : सर्वांत बारीक तार इंचाच्या हजारांश भागात ५२ आणि सर्वांत जाड ११०, म्हणजे १.३ ते २.८ मिलिमीटर. त्या दांडीपासून इतक्या उंच असत की इतरांना ते वाद्य दाबणे कठीण जाई. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. वाजवायचा तो उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने. आणि तार तुटेपर्यंत तो बदलीत नसे. तारेवर साचलेला मळच आवाजाला गोडी आणतो अशी त्याची श्रद्धा होती. चमक नसलेल्या, आस नसलेल्या त्या तारेवर त्याने जे पदन्यास केले ते ऐकताना गाणे कोण गातो आहे याचा आम्हांला कित्येकदा विसर पडला आहे.

तरीही त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. मोटाउनच्या तबकड्यांवर साथीदारांची नावे छापीत नसत. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ते प्रथम छापले गेले. पुढच्याच वर्षी संस्थेने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले. काळाची आवड बदलली होती. चकचकीत आवाजाचे दिवस आले होते. १९८३ साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याचे ते वाद्य चोरीस गेले. पुढे २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदारांच्या वर्गात त्याची निवड झाली. आपल्याकडच्या जुन्या तबलजी आणि सारंगियांच्या कथा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यावर अधिक सांगावयास नको.

चकचकीत आवाजाचे मूळ लंडनमध्ये आहे. ‘द हू’ या वाद्यवृंदाचा बेसवादक जॉन एंटविसल हा लहानपणी फ्रेंच हॉर्न शिकलेला. पितळी वाद्याचा झळझळीत आवाज त्याच्या कानात होता. त्यांच्यात गिटार एकच, तेव्हा मधली पोकळी भरणे बेसच्या वाट्याला आले. १९६५ च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात बेसला स्वतंत्र बढत दिली आहे, त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. तिच्यासाठी एंटविसलने डॅनइलेक्ट्रो कंपनीचे वाद्य घेतले, कारण त्यावर बारीक आणि गोल वेढ्याच्या तारा होत्या. त्या तुटल्या. सुट्या तारा इंग्लंडात मिळेनात, म्हणून तारेसाठी त्याने आणखी वाद्य विकत घेतले. तेही तुटले, तेव्हा तिसरे घेतले. हे त्यानेच पुढे सांगितलेले आहे. शेवटी ते गाणे मुद्रित झाले ते फेंडरच्या वाद्यावर, जुन्याच गुळगुळीत तारांनी. तारेपायी वाद्ये विकत घेणारा हा माणूस आम्हांला फार जवळचा वाटतो.

पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, तो रोटोसाउंड या तारा बनविणाऱ्या इंग्लिश कंपनीकडे गेला. तिचे संस्थापक जेम्स हाऊ यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. ‘द थर्ड मॅन’ या १९४९ च्या चित्रपटातील झिथर हे वाद्य ऐकून ते त्याच्या नादी लागले, तारा मिळेनात म्हणून स्वतः करू लागले, आणि त्यातून कारखाना उभा राहिला. एंटविसलची तक्रार अशी होती, की बाजारातल्या गोल वेढ्याच्या संचातील वरच्या दोन तारा बोलतात, पण ‘ई’ आणि ‘ए’ या जाड तारा नीट कंपच पावत नाहीत. त्याच्या वाद्यावर वारंवार चढवून-उतरवून जी तार सिद्ध झाली ती ‘स्विंग बेस ६६’. त्या वर्षाचा आकडा तिने नावात अजून जपला आहे.

गोल वेढ्याच्या म्हणजे ‘राउंडवाउंड’ तारेत वेढा साध्या गोल तारेचाच असतो. त्यामुळे पृष्ठभाग बारीक खाचांचा, कानशीसारखा. गोल वेढे चपट्या पट्टीइतके एकमेकांस जखडून बसत नाहीत. तार अधिक लवते, स्वयंभू स्वर मोकळे होतात, आस लांबते आणि प्रत्येक आघाताला धार येते. पियानोच्या खालच्या पट्ट्यांची आठवण व्हावी असा हा आवाज. आमच्या घरी अशी तार पहिल्यांदा चढली त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच विचारले होते, ‘आज दुसरे वाद्य आणले का?’ याला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. लहानशा रेडिओचा कर्णा ४१ कंपनांचा स्वर धडपणे काढूच शकत नाही. वरचे स्वयंभू स्वर ऐकून आपला मेंदू तळाचा स्वर जुळवून घेतो. वरचे स्वर जितके अधिक, तितका लहान कर्ण्यातूनही बेस ऐकू येणार. गोल वेढ्याची तार घरोघर पोहोचली त्यात याचाही वाटा असावा असे आम्हांला वाटते.

कॅलिफोर्नियात लॅरी ग्रॅहम आपल्या आईच्या वाद्यवृंदात वाजवीत असताना ढोलवादकावाचून ताल सांभाळण्यासाठी अंगठ्याने तार ठोकू आणि बोटाने ओढून सोडू लागला. या ठोक्याला धारदार तार हवीच होती. त्याचे अनुकरण पुढे इतके झाले की ऐकणाऱ्यास वीट यावा.

अधिक महत्त्वाची गोष्ट जॅको पास्टोरियस याची. प्रिसिजन बेस बाजारात आला त्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्याचा जन्म. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसवर पडदे नव्हते. गोल वेढ्याची रोटोसाउंड तार त्या उघड्या लाकडावर दाबली की कानशीने घासावे तसे लाकूड झिजे. त्याने पट्टीवर जहाजांना लावतात त्या जातीच्या एपॉक्सी राळेचा कठीण लेप दिला. लाकूड वाचले, आणि लेपाच्या कठीणपणामुळे तारेचा आवाज गाता झाला. १९७६ ची त्याची पहिली तबकडी ऐकणाऱ्यांना हे खर्जाचे वाद्य आहे यावर विश्वास ठेवणे जड गेले. मनुष्य अकाली, १९८७ साली गेला.

आम्ही ग्वाल्हेरकरांना ही कथा अनोळखी वाटू नये. अफगाणिस्तानातून आलेल्या रबाबाला तातेच्या तारा आणि लाकडी पट्टी असे. एकोणिसाव्या शतकात त्यापासून सरोद घडला तेव्हा तातेच्या जागी धातूच्या तारा आल्या आणि लाकडावर पोलादी पत्रा बसला. याचे श्रेय आपल्याकडे स्थायिक झालेल्या गुलाम अली खाँ बंगश यांना दिले जाते. दुसरी परंपरा ते लखनौच्या दरबाराशी संबंधित निआमतुल्ला खाँ यांना देते. तो वाद येथे नको. जीवाजीगंजातील ‘सरोद घर’ पाहताना आम्ही पाहुण्यांना दोन गोष्टी आवर्जून दाखवितो, तार आणि तिच्याखालचा पत्रा. एक बदलली म्हणजे दुसरी बदलावी लागते. शंभराहून अधिक वर्षांनी फ्लोरिडातल्या एका तरुणाला तीच अडचण आली आणि जवळजवळ तोच उपाय सुचला, ग्वाल्हेरचे नावही न ऐकता.

या वाद्याचा आपल्याकडचा प्रवेश गोव्याच्या वाटेने झाला. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवीत. त्या शिदोरीवर गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत शिरले. तेथे डबल बेसची जागा हळूहळू बेस गिटारने घेतली. राहुलदेव बर्मन यांच्या १९७० च्या दशकातील गाण्यांत खर्जाची चाल गाण्याइतकीच लक्षात राहते. टोनी वाझ हे त्यांच्या वाद्यवृंदातील बेसवादक. आयातीवर निर्बंध असण्याचे ते दिवस. परदेशी तार दुर्मीळ, म्हणून ती जपून, पुसून, तुटेपर्यंत वाजवायची. जेमरसनने श्रद्धेने केले ते आपल्याकडे टंचाईने करविले.

आता निवडीविषयी. दुकानात संचावर ‘४५-१०५’ असे आकडे दिसतात. ती इंचाच्या हजारांशात तारेची जाडी. नवशिक्यास हा संच मध्यम. चारही तारांचा मिळून ताण पाऊणशे ते पंच्याऐंशी किलोंच्या आसपास जातो, हे दांडीला सोसायचे असते. बारीक तार बोटाला सोपी, परंतु जोराने छेडली की पडद्यांवर खडखडते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाद्याची लांबी, स्वर आणि तारेचे वजन सारखे असेल तर ताण सारखाच राहणार. कंपनी बदलून तो बदलत नाही. तरीही एक तार ताठ लागते आणि दुसरी मऊ, याचे कारण गाभ्याची जाडी व घडण आणि वेढ्यांची घट्ट बांधणी. स्पर्शाविषयी दुकानदाराचे ऐकू नये. तार स्वतः दाबून पाहावी. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीची फ्लॅटवाउंड तार गुळगुळीत असूनही इतकी मऊ आहे की जेमरसनच्या तारेची ती बहीण आहे हे हाताला पटत नाही.

वेढ्याचा धातूही बोलतो. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद बोटाला सौम्य आणि आवाजाला मध्यम. स्टेनलेस स्टील खरखरीत, झगझगीत, पडद्यांना कठोर. ज्यांना डबल बेसची छाया हवी त्यांच्यासाठी वरून नायलॉनच्या काळ्या फितीचे वेढे दिलेल्या तारा मिळतात. गोल वेढे घासून अर्धे सपाट केलेली मधली जातही आहे; आम्हांला ती दोन्ही घरची पाहुणी वाटते. गोल वेढ्याच्या खाचांत घाम, मीठ व मळ साचतो आणि काही आठवड्यांतच तिचे तेज उतरते. काटकसरी वादक ती पाण्यात उकळून, वाळवून पुन्हा चढवितात. तेज परत येते, पण थोडे दिवस. सपाट तार वर्षानुवर्षे टिकते आणि मुरत जाते, म्हणून तिची चढी किंमत अखेरीस स्वस्तच पडते.

आमचा कल कोणीकडे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तथापि जो मुलगा एका गिटार आणि एका ढोलासह वाजवितो, त्याने गोल वेढ्याचीच तार लावावी. तेथे पोकळी भरायची आहे. ज्याच्याभोवती पेटी, कीबोर्ड, दोन गिटारी आणि गायक आहेत, त्याने सपाट तार लावून पाहावी. त्या दाटीत झगझगीत बेस इतरांच्या जागेत शिरतो. ‘आवाज तारेत नसून बोटांत असतो’ असे अनुभवी वादक सांगतात, आणि जेमरसनची एकच तर्जनी हा त्याचा पुरावा. एंटविसलची तीन वाद्ये हा उलट बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. आम्ही इतकेच सुचवू, की निदान सहा महिने एक संच हाताखाली राहू द्यावा. दर महिन्यास तार बदलणाऱ्याला स्वतःच्या बोटांची ओळख व्हायला सवड मिळत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सपाट तार पुन्हा मागणीस आली आहे. जेमरसनच्या मापाचा, ५२ ते ११० चा संच ला बेला आजही विकते. बोट कच्चे असलेल्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. ज्यांना हौस आहे त्यांनी तो चढविण्यापूर्वी शिरोभागाकडच्या पट्टीतील खाचा त्या जाडीला पुरतील का ते पाहावे, जुन्या तारा एकदम न काढता एकेक बदलावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीचा बाक तपासून घ्यावा.